बत्तीस थरांचं पातं

आधीच सांगून ठेवते, मला गोड बोलता येत नाही. ज्यांना साखरेत घोळून ऐकायची सवय आहे त्यांनी दुसरीकडे बसावं. मी छाया उगले. सिन्नरच्या एमआयडीसीत सव्वीस वर्षं कार्बनच्या कडा कापल्या. आधी सायकलींच्या, मग शर्यतीच्या गाड्यांच्या आणि शेवटची आठ वर्षं हवाई रुग्णवाहिकेच्या पात्यांच्या. तुमच्या तालुक्याच्या दवाखान्याच्या गच्चीवरही आता ती उभी असेल. बाळंतीण अडली, कुणाला साप चावला, की बारा मिनिटांत नाशिकला पोचवते. तिला वर धरून ठेवणारी पाती आमच्या हातची असायची.

पातं म्हणजे काय, तर काळ्या कापडाचे थर. केसापेक्षा बारीक कार्बनच्या धाग्यांचं कापड, रेझिन नावाच्या चिकट डिंकात भिजवलेलं. असे बत्तीस थर एकावर एक साच्यात हाताने लावायचे, दाब द्यायचा आणि भट्टीत घालायचं. बाहेर येतं ते लोखंडाहून ताठ आणि उचलायला पुठ्ठ्याएवढं हलकं. पण ते कापायला जा, म्हणजे कळेल! चकती जरा बोथट झाली की धागे तुटत नाहीत, नुसते ओढले जातात आणि कडेला दाढीसारखे खुंट उभे राहतात. जोर जास्त झाला की थर एकमेकांपासून सुटतात. चकती तापली की रेझिन करपतं. आणि ती धूळ, बाई गं! काळी, बारीक, मास्क असला तरी नाकात जाणारी. अंगाला लागली की आंघोळीनंतरसुद्धा खाज जात नाही. माझे यजमान होते तोवर म्हणायचे, तुझ्या शेजारी झोपायचं म्हणजे काचेच्या चुऱ्यावर झोपायचं. पण मी कापलेली कड तुम्ही बिनधास्त तान्ह्या बाळाच्या गालावरून फिरवली असती. हे फुशारकीने सांगत नाही. म्हणजे, फुशारकीनेच सांगते.

मग शीतकिरण आला. कपाटाएवढं पांढरं यंत्र, आत काच, समोर पडदा. आमचे नेहते साहेब जळगावकडचे, माणूस सज्जन पण बोलताना हात फार हलवणारे. म्हणाले, "छायाताई, हा कापताना तापतच नाही."

"मग कापतो कशाने, फुंकरीने?"

बायका हसल्या. साहेबही हसले आणि मग त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं. मला जे कळलं ते असं. एका सेकंदाचे अब्ज भाग करायचे. त्यातल्या एका भागाचे परत दहा लाख. अशा काही कणांएवढा वेळ तो किरण पेटतो आणि विझतो, लगेच परत पेटतो, एका सेकंदात लाखो वेळा. इतक्या थोड्या वेळात उष्णतेला शेजारच्या धाग्यापर्यंत जायला फुरसतच मिळत नाही. जिथे किरण पडला तेवढाच कण वाफ होऊन उडतो, बाजूचा कण गारच्या गार. धागा ओढला जात नाही, थर सुटत नाही, धूळ उडत नाही. मी पहिली कड हातात घेतली आणि गालावरून फिरवून बघितली. सव्वीस वर्षांत मला जमली नव्हती अशी कड होती ती.

कापणाऱ्या आम्ही सहाजणी होतो. पाचजणींना घरी पाठवलं आणि मला यंत्रावर बसवलं. वाईट वाटलं का? वाटलं. पण मी राहिले याचा आनंद जास्त झाला, खोटं कशाला बोलू.

आणि त्या यंत्राला अजून एक विद्या येत होती. गॅसच्या ज्योतीत मिठाची चिमूट पडली की ज्योत पिवळी होते, हे कुठल्याही बाईला माहीत आहे. तसंच इथे. किरणाने उडवलेली वाफ क्षणभर चमकते आणि त्या चमकेत कुठले रंग आहेत ते यंत्र वाचतं. म्हणजे कापता कापताच ते सांगतं की या थरात रेझिन किती, त्या थरात ओल किती, कुठे तेलाचा हात लागला, कुठे मीठ आहे. नेहते साहेब म्हणाले, "पात्याची कुंडलीच हो, ताई!" पहिले दोन महिने पडदा हिरवा. मग ऑगस्टमधल्या एका सोमवारी त्यावर पिवळा ठिपका आला.

"सहावा थर, मीठ, दोन थेंब," साहेबांनी वाचलं. "घाम असेल कुणाचा."

थर लावायची खोली इतकी गार ठेवतात की आत बायका स्वेटर घालून उभ्या असतात. टोपी, मास्क, हातमोजे सगळं असतं, फक्त डोळ्यांवर चष्मा नसतो, कारण मास्कमुळे तो धुरकटतो. त्या खोलीत घाम कुणाला येणार? उघडे असतात ते डोळे.

प्रत्येक थर लावताना बाई आपला बिल्ला यंत्राला टेकवते. त्यामुळे कुठला थर कुणी, किती वाजता लावला, ते नोंदलेलं असतं. साहेबांनी बोट ठेवलं आणि नाव आलं, कार्तिकी हर्षद उगले. माझी सून.

मीठ म्हणजे ओल. थरांमध्ये पाणी अडकलं की भट्टीत त्याची वाफ होते, बुडबुडा राहतो आणि पुढे कधीतरी तिथूनच पातं उलायला लागतं. म्हणून नियम आला. एका बाईच्या नावावर अशा तीन नोंदी झाल्या की तिने थरखोली सोडायची, म्हणजे कारखानाच सोडायचा. ही तिची पहिली.

कार्तिकी निफाडची. लग्नाला दोन वर्षं झालेली. माझा हर्षद साक्रीकडे पवनचक्क्यांवर कामाला, दर दुसऱ्या शनिवारी घरी यायचा. एरवी घरात आम्ही दोघीच. मीच तिला कारखान्यात चिकटवली होती. आणि पोरीचा हात असा होता की थर लावताना कापडावर सुरकुतीसुद्धा पडायची नाही. मी तिला एकदा म्हटलंही, "लावतेस छान गं. पोळ्या लाटताना तो हात कुठे ठेवून येतेस?"

मला ती हवी होती. थरखोलीतही हवी होती आणि घरातही. बसमध्ये माझ्या शेजारची जागा धरून बसायची, डब्यात माझ्यासाठी मिरचीचा ठेचा वेगळा ठेवायची. ती नसती तर मी घरात भिंतींशी बोलत बसले असते. हे आज तुम्हाला सांगते आहे, तिला कधी सांगितलं नाही.

त्या सोमवारी घरी आल्यावर मी ओट्यापाशीच तिला धरलं. "रडतेस कशाला कामावर?"

"नाही हो, आई."

"यंत्र खोटं बोलतं का? हर्षद काही बोलला?"

"नाही."

"माहेरची आठवण येते? निफाड काय लंडनला आहे?"

"नाही, आई."

जूनमध्ये तिला तीन महिने झाले होते, पण राहिलं नाही. ते माझ्या मनात येऊन गेलं. पण त्याला दोन महिने उलटले होते आणि ती आठ दिवसांत कामावरही आली होती, म्हणून मी तो विषय काढला नाही. म्हटलं, "मग डोळ्यांना नळ बसवलाय का म्युन्सिपाल्टीने?" ती जराशी हसली. मला वाटलं, मिटलं.

सप्टेंबरात दुसरी नोंद झाली. अकरावा थर, तीन थेंब. नेहते साहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, तुमच्या घरातली आहे म्हणून सांगतो, अजून एक झाली तर माझ्या हातात काही नाही." मला रात्रभर झोप नाही. आणि सकाळी दात घासताना उपाय सुचला. अशी काय खूश झाले मी!

कंपनीच्या बसमध्ये तिला खिडकीकडे सरकवलं आणि हळू आवाजात समजावलं. "हे बघ, यंत्र फक्त कापरेषेवर वाचतं. किरण जिथून जातो तिथलंच त्याला कळतं. रेषेच्या बाहेर वीस मिलिमीटरची पट्टी सुटते ना, ती भंगारात जाते. तेव्हा रडायचंच असेल तर त्या पट्टीवर रड. जरा कडेकडे वाकायचं, बस्स. यंत्राला पत्ता नाही आणि पात्यालाही धोका नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. "कडेला रडू?"

"हो, कडेला. सव्वीस वर्षांत कुणाला असलं काही शिकवलं नाही मी. तुला शिकवतेय, उपकार मान."

"बरं, आई," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

ती का रडते, हे मी परत विचारलंच नाही. माझ्या लेखी प्रश्न रडण्याचा नव्हताच, जागेचा होता. कापणाऱ्या बाईचं डोकं कुठे चालणार? रेषेच्या आत काय आणि बाहेर काय, एवढंच.

त्यानंतर नऊ आठवडे पडदा हिरवागार. एक बाई आठवड्याला एक पातं लावते, सगळे बत्तीस थर एकटीने. कार्तिकीची नऊ पाती मी कापली, नवाच्या नवावर बरोबरची खूण केली आणि ती गेली. कुठे अकोल्याला, कुठे गडचिरोलीला. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते. साहेब एकदा म्हणाले, "कार्तिकी सुधारली हो, ताई." मी म्हटलं, "सून कुणाची आहे?"

आता आमच्या जुन्या कापणाऱ्या बायकांची एक सवय सांगते. कड कापून झाली की आम्ही कातरण लगेच टाकत नसू. हातात घेऊन वाकवायची, मोडायची, आवाज ऐकायचा. चांगली पट्टी एकदाच कडकन मोडते, वाईट कुरकुरते. पात्याच्या पोटात काय आहे ते कातरण सांगायची. शीतकिरण आल्यावर ते सगळं बंद झालं, कातरण सरळ पिंपात. पण नोव्हेंबरातल्या एका दुपारी भट्टी उशिरा उघडणार होती, यंत्र रिकामं होतं आणि मला रिकामं बसवत नाही. मी पिंपातून कार्तिकीच्या पात्याची कातरण काढली आणि सहज किरणाखाली आडवी चिरली. म्हटलं, बघू तरी, पोरगी किती रडते.

पडदा हिरवा. मीठच नाही. अजून एक पट्टी घेतली, आधीच्या आठवड्यातली. तीही स्वच्छ. पिंप उपसून तिच्या नावाच्या होत्या नव्हत्या तेवढ्या पट्ट्या चिरल्या. एक थेंब नाही.

पहिल्यांदा आनंदच झाला. रडायची थांबली! पण तो आनंद काही मिनिटंच टिकला. कारण रोज सकाळी ती मोरीत पाच-पाच मिनिटं डोळ्यांवर थंड पाण्याचे हबके मारायची, ते मला ऐकू यायचं. बाहेर यायची तेव्हा पापण्या सुजलेल्या. रेषेवर मीठ नाही, रेषेच्या बाहेर मीठ नाही, मग ते जात होतं कुठे? मी स्टूल ओढून खाली बसले.

चहाच्या सुट्टीत तिला हात धुवायच्या नळापाशी गाठलं. "कार्तिकी, खरं सांग. आत रडतेस का? रेषेच्या आत?"

"नाही, आई."

"माझ्या गळ्याची शपथ घे."

"नाही म्हटलं ना, आई," असं म्हणून तिने हात पुसले आणि गेली.

दोन वर्षं मी ते ‘नाही’ ऐकत होते. दमलीस का, नाही. राग आला का, नाही. काही हवंय का, नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की ते उत्तर नव्हतंच कधी. विषय संपवायला ती तो शब्द वापरायची आणि मला ते सोयीचं होतं.

त्या दुपारी नेहते साहेब मीटिंगसाठी नाशिकला गेले होते. भट्टीतून तिचं दहावं पातं आलं. गेल्या आठवड्यात मंगळवार ते शुक्रवार अशा चार दिवसांत लावलेलं. मी त्याची कड कापली. पडदा हिरवा. आता त्यावर खूण करून मी ते पुढे पाठवायचं होतं. तसं न करता मी ते यंत्रावर परत आडवं केलं, टोकापासून टोकापर्यंत रेष आखली आणि पात्याच्या मधोमध किरण सोडला. आयुष्यात चांगलं पातं कधी मुद्दाम चिरलं नव्हतं. दोन-दोन बोटांच्या अंतरावर आठ उभ्या चिरा दिल्या. शेजारच्या टेबलावरची बाई ओरडली, "ताई, वेड लागलं का?" मी म्हटलं, "गप बस."

पडद्यावर पिवळे ठिपके यायला लागले. यंत्र शहाणं, प्रत्येक ठिपक्यापुढे थराचा नंबर आणि तो लावल्याचा वार, वेळ लिहीत होतं. मी चष्मा पुसून वाचायला घेतलं.

दुसरा थर, मंगळवार, नऊ वीस, दोन थेंब.

मंगळवारी काय झालं होतं? सोमवारी संध्याकाळी तिचे वडील आले होते. निफाडहून दोन बस बदलून, गुडघे धरत. डझनभर केळी घेऊन. आणि मंगळवारी सकाळी बसमध्ये मी सगळ्यांना ऐकवलं होतं, "आमचे व्याही केळी घेऊन आले, त्यातली निम्मी काळी. मी म्हटलं, कार्बनची आहेत का हो?" अख्खी बस हसली होती. कार्तिकीही हसली होती, मी बघितलं होतं. ती नऊला थरखोलीत शिरली आणि नऊ वीसला हे दोन थेंब.

मला वाटलं, योगायोग असेल. खाली गेले. तेरावा थर, बुधवार. त्या दिवशीची सकाळ आठवायला फार त्रास पडला नाही. डबा भरताना मी तिची पोळी उजेडात धरून म्हटलं होतं, महाराष्ट्राचा नकाशा बरा जमलाय, फक्त कोकण राहिलं. अहो, हे मी रोज बोलते! रोज काहीतरी बोलतेच. मी तशीच आहे, हर्षदलाही लहानपणापासून असंच बोलत आले आणि तो हसतो. तो तिला सांगायचाही, आईचं मनावर घेत जाऊ नकोस म्हणून.

मग बाविसावा थर. गुरुवार, दुपारी दोन पाच. सात थेंब.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत सुनंदाने पेढे वाटले होते, तिच्या लेकीला मुलगा झाला म्हणून. कार्तिकीने पेढा हातात घेतला आणि तसाच धरून बसली. मी सगळ्यांसमोर तिच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "खा गं. तीन महिन्यांचंच तर होतं तुझं, एवढंसं. किती दिवस धरून बसायचं?"

आणि हे मी मायेने बोलले होते. देवाशप्पथ मायेने! माझ्या मनात तिला टोचायचं नव्हतं. मला वाटलं होतं, असं हलकं करून सांगितलं की तिला हलकं वाटेल. ती म्हणाली होती, "हो, आई," आणि पेढा खाल्ला होता. ते दोन पाचचे सात थेंब मी बराच वेळ बघत बसले. मला तेव्हा रडू आलं नाही, लाज वाटली. इतकी लाज की आजूबाजूला कुणी वाचत तर नाही ना, म्हणून मी पडद्यापुढे हात धरला.

पुढचे दहा थर शुक्रवारचे. तेविसाव्यापासून बत्तिसाव्यापर्यंत स्वच्छ. एकही ठिपका नाही. मी आठही चिरा परत तपासल्या. शुक्रवारी सकाळी मी काय बोलले होते ते मला लख्ख आठवत होतं, कारण ते बोलल्यावर माझं मलाच जरा जास्त वाटलं होतं. हर्षदला सरकारी नोकरीवाली मिळत होती, ऐकलं नाही त्याने, असं काहीतरी. ती डब्याचं झाकण लावत होती. म्हणाली, "चला, बस येईल." आणि त्या दिवशी तिने दहा थर कोरडे लावले. ते दहा कोरडे थर बघून मला त्या सात थेंबांपेक्षा जास्त भीती वाटली.

नेहते साहेब चारला परत आले आणि पात्याच्या पट्ट्या बघून खुर्चीत बसले. मी सगळं सांगितलं. कडेला रडण्याची युक्ती मी शिकवली तेही सांगितलं. ते बराच वेळ हात न हलवता बसले.

"रेषेवर काही आलं होतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग नियमाप्रमाणे पातं चांगलं होतं, ताई. आतलं वाचायचं कलमच नाही. पातं न चिरता आतलं कोण वाचणार? तुम्ही हे चुकून चिरलं, असं लिहू. आधीची नऊ गेली ती गेली."

"साहेब, त्या नऊ पात्यांखाली कुणीतरी सलाईन लावून झोपणार आहे."

ते हळूच म्हणाले, "नोंद केली तर ती तिसरी. कार्तिकीचं काय होईल, माहितीये ना?"

माहीत होतं. नऊ आठवडे मी तेवढ्याचसाठी धडपडत होते. पण अकोल्याच्या त्या गच्चीवरची रुग्णवाहिका माझ्या डोळ्यांपुढून हलेना. मी म्हटलं, "पाती परत बोलवा."

त्यांनी संगणकावर अर्ज उघडला. पात्यांचे नंबर टाकले. शेवटी रकाना होता, दोष कुणाचा. मी त्यांना थांबवलं आणि माझ्या बिल्ल्याचा नंबर स्वतः टाकला. यंत्राने तो घेतला नाही. या कामगाराची थरखोलीत नोंद नाही, असं आलं. मी परत टाकला. परत तेच. तिसऱ्यांदा टाकला तेव्हा साहेबांनी कळफलक आपल्याकडे ओढला. "ताई, ते फक्त हात कुणाचे लागले तेवढंच विचारतंय," ते म्हणाले आणि त्यांनी कार्तिकीचा नंबर टाकला. तो लगेच घेतला गेला. माझ्या डोळ्यांदेखत झालं हे. मी बघत उभी राहिले.

तिला साडेचारलाच घरी पाठवलं होतं. मी पोचले तेव्हा साडेसहा झाले होते. बसमध्ये एकटीच बसून मी वाक्य जुळवत होते. सव्वीस वर्षांत कधी कुणाची माफी मागितली नव्हती, त्यामुळे शब्द सापडत नव्हते. घरात शिरले तर पलंगावर बॅग आणि ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"नोंद मीच करायला लावली," मी म्हटलं.

"बरं केलंत. पाती परत येतायत ना?"

"येतायत."

ती मटकन पलंगावर बसली आणि तिने मोठा श्वास सोडला. "रुग्णवाहिका वरून गेली की मी आतल्या खोलीत जाऊन कान दाबून बसायची, आई. मला वाटायचं, आत्ता पडेल."

"अगं, मग सांगायचंस ना! मी विचारलं तेव्हा नाही का म्हणालीस?"

"खरं सांगितलं असतं, तर तुम्ही ‘का रडतेस’ म्हणून विचारलं असतंत. आणि मग मी काय सांगणार होते?"

मी वेड्यासारखं विचारलं, "पण कडेला का नाही रडलीस? मी सांगितलं होतं ना?"

"पहिले दोन दिवस बघितलं करून. रडू सांगून येत नाही, आई. वाकायला वेळच मिळत नाही."

ती परत घड्या घालायला लागली. निफाडला जाणार होती, पुढचं तिथे ठरवणार होती. मी विचारलं, हर्षदला माहीत आहे का. ती म्हणाली, शुक्रवारीच फोनवर सांगितलं, तो उद्या निफाडला येतोय बोलायला. म्हणजे नोकरी गेली म्हणून ती जात नव्हती. नोकरी राहिली असती तरी जाणारच होती. मी दहा कोरडे थर दुपारी पाहिले होते, आता त्यांचा अर्थ समोर बॅग भरत होता.

ती मला सोडून जाणार, आणि तिला अडवायचा मला काडीचा हक्क नाही, हे दोन्ही मला एकदमच कळलं. बाहेर रिक्षा येऊन थांबली. मी बसमध्ये जुळवलेलं सगळं विसरले आणि जेवढं सुचलं तेवढं बोलले.

"कार्तिकी, माझं चुकलं. तू फार गुणाची पोर आहेस."

बॅगेची चेन लावता लावता तिचा हात थांबला. तिने मान वर केली. खांदे आक्रसून माझ्या तोंडाकडे बघत ती उभी राहिली.

"आणि?" ती म्हणाली.

"आणि काय?"

"तुमचं एवढ्यावर थांबत नाही ना, आई. पुढचं बोलून घ्या, म्हणजे मी निघते."

"पुढे काही नाही गं," मी म्हटलं. "एवढंच आहे."

"बरं," ती म्हणाली. पण खांदे तसेच राहिले. तिने वाकून नमस्कार केला, बॅग उचलली, चपला घातल्या आणि रिक्षात बसली. मी फाटकापर्यंत गेले. तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल याची माझी मलाच खात्री नव्हती, म्हणून पदर ओठांवर दाबून धरला होता.

रिक्षा कोपऱ्यावर वळेपर्यंत ती मागे वळून माझ्याकडे बघत होती. शेजारची म्हणाली, "किती जीव आहे हो पोरीचा तुमच्यात." कार्तिकी माझ्या उरलेल्या वाक्याची वाट बघत होती.